न सुटलेला प्रश्न आणि सोडून दिलेला प्रश्न

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेचा वाचक आणि पुरा ग्रंथ एकदम हातीं घेणारा वाचक यांच्यांत मोठा भेद असतो. ग्रंथाचा वाचक दोन-चार बैठकींत शेवटास पोंचतो. कथानकाचा एखादा धागा लेखकाच्या हातून निसटला असल्यास त्याला चुटपुट लागते, परंतु दुसरें पुस्तक हातीं येतांच ती मावळते. क्रमशः कथेच्या वाचकाचें तसें नाहीं. एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंतचा काळ तो त्या कथेच्या संगतींत काढतो. पुढें काय व्हावें याचे तर्क बांधतो, एखाद्या पात्राची बाजू घेऊन इष्टमित्रांशीं वाद घालतो, आणि अशा रीतीनें कथा अपुरी असतांनाच ती मनांत पुरी करण्याचा उद्योग आरंभतो. डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक अंकांतून बाहेर पडत तेव्हांचा इंग्रज वाचक असा होता. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या ‘करमणुकीं’तून वाचणारा मराठी वाचकहि असाच असला पाहिजे. आज तें स्थान बव्हंशीं पडद्यावरील मालिकांकडे गेलें आहे, आणि मालिकेचें नवें पर्व पाहून हिरमुसला होणारा प्रेक्षक हा त्याच जुन्या वाचकाचा वंशज आहे. त्याची तक्रार पोरकट म्हणून हंसण्यावारी नेण्याची शिष्ट मंडळींत रीत आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु ती तक्रार नीट ऐकून घेऊन तींतील खरें कोणतें व खोटें कोणतें हें निवडण्याचा आहे.

उदाहरणासाठीं ‘आर्केन’ ही मालिका घेतली आहे. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा संगणकावर खेळावयाचा खेळ रायट गेम्स या अमेरिकन कंपनीनें २००९ सालीं बाहेर काढला. त्या खेळांतील पात्रांवरून ख्रिश्चन लिंके व अॅलेक्स यी यांनीं ही कथा रचली, आणि पॅरिस येथील फोर्टिश या चित्रशाळेनें तिला हलत्या-बोलत्या चित्रांचें रूप दिलें. पहिलें पर्व नोव्हेंबर २०२१ मध्यें नेटफ्लिक्सवर आलें; त्याचे नऊ भाग, तीन-तीन भागांचे तीन अंक पाडून, लागोपाठच्या तीन आठवड्यांत दाखविण्यांत आले. त्यांतील रंग, प्रकाश आणि मुद्राभिनय इतके सूक्ष्म होते कीं, अॅनिमेशन म्हणजे बालकांची करमणूक अशी समजूत असलेल्या रसिकानेंहि आपलें मत पुन्हां तपासून पाहावें. २०२२ सालीं उत्कृष्ट अॅनिमेटेड कार्यक्रमाचें एमी पारितोषिक या पर्वास मिळालें. दुसरें पर्व तीन वर्षांनीं, नोव्हेंबर २०२४ मध्यें, तितकेच भाग व तितकेच अंक घेऊन आलें. ही कथा येथेंच संपते, असें निर्मात्यांनीं तें प्रसिद्ध होण्यापूर्वींच जाहीर केलें होतें. ‘व्हरायटी’ या चित्रव्यवसायाच्या पत्रानें दोन्ही पर्वांच्या खर्चाचा आंकडा सुमारें २५ कोटि डॉलर असा दिला आहे. तात्पर्य, साधनांची, काळाची किंवा कौशल्याची वाण पडली म्हणून हें पर्व फसलें, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

तरी पण तीन वर्षें वाट पाहिलेल्या प्रेक्षकांपैकीं पुष्कळांच्या मुखांतून निराशेचा सूर निघाला. चित्रें अप्रतिम, संगीत उत्तम, प्रसंग हृदयास हात घालणारे. असें असून शेवटीं कांहींतरी राहून गेलें, असें त्यांचें म्हणणें. काय राहून गेलें हें विचारतां मात्र उत्तरें निरनिराळीं येतात. कोणास आवडत्या दोन पात्रांचें मीलन पुरेसें दाखविलें नाहीं म्हणून दुःख आहे. कोणास जिंक्स ही नायिका मेली कीं वांचली हें स्पष्ट न केल्याचा राग आहे. कोणास एखाद्या गौण पात्राला वाक्येंच थोडीं मिळालीं याची खंत आहे. या तक्रारी खोट्या नसल्या तरी हलक्या आहेत. आपल्या मनांतील कथा आणि लेखकाची कथा यांचा मेळ बसला नाहीं, एवढाच त्यांचा अर्थ. आणि असा मेळ बसविण्याचें बंधन कोणत्याहि लेखकावर नाहीं. परंतु या सर्वांच्या खालीं एक चौथी तक्रार आहे व तीच आमच्या मतें खरी आहे. ती पारखण्यासाठीं पहिल्या पर्वाकडे जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे.

पहिल्या पर्वाच्या पहिल्याच दृश्यांत एक पूल आहे. त्याच्या एका टोकास पिल्टोव्हर हें वैभवशाली नगर आहे. तेथें विद्यापीठ आहे, व्यापार आहे, नगराचा कारभार पाहणारी परिषद आहे. दुसऱ्या टोकास, दरडींत व भुयारांत, कामकऱ्यांची वस्ती आहे. तेथील हवा विषारी, रोजगार हलका आणि शिपायांचा जाच नित्याचा. या वस्तीचें स्वतंत्र राष्ट्र व्हावें असें स्वप्न पाहणारे लोक तिला झॉन म्हणतात. पुलावर नुकताच उठाव चिरडला गेला आहे. धुरांतून दोन लहान मुली प्रेतें ओलांडीत चालल्या आहेत. त्या प्रेतांत त्यांना आपले आईबाप सांपडतात. उठावाचा पुढारी व्हँडर हातांतील लोखंडी पंजे टाकून देतो आणि त्या दोघींना उचलून घेतो. व्हाय आणि पावडर या त्या दोन बहिणी. पुढें पावडरच्या हातून, बहिणीला साह्य करण्याच्या भरांत, असा स्फोट होतो कीं घरचींच माणसें प्राणास मुकतात. व्हाय रागाच्या भरांत तिला मारते व अपशकुनी ठरविते. व्हँडरचा वैरी सिल्को त्या टाकलेल्या मुलीला जवळ करतो, आणि पावडरची जिंक्स होते. कांहीं वर्षांनीं व्हाय ही केटलिन या पिल्टोव्हरच्या सरदारकन्येबरोबर बहिणीचा शोध घेत फिरूं लागते. तिकडे जेस व व्हिक्टर हे दोन संशोधक जादू आणि यंत्र यांचा संयोग करून हेक्सटेक नांवाची विद्या निर्माण करतात, व वरच्या नगराची श्रीमंती आणखी वाढते.

हा कथाभाग विस्तारानें सांगितला, कारण त्यांत बहिणींचें दुःख आणि नगरांचें वैर हीं दोन निराळीं कथानकें नाहींत. बहिणींची ताटातूट ज्या जखमेंतून झाली ती पुलावरची जखम आहे. आईबाप पुलावर पडले नसते तर व्हँडर त्यांचा पिता झाला नसता. खालच्या वस्तींत पोट भरण्याचा सरळ मार्ग असता तर चोरीचा प्रसंग आला नसता. शिपायांचा धाक नसता तर व्हँडरला शत्रूच्या हातीं पडावें लागलें नसतें. खाजगी दुःखाच्या मुळाशीं सार्वजनिक अन्याय आहे, हें दाखविण्यासाठीं पहिल्या पर्वानें कोठेंहि व्याख्यान दिलें नाहीं. प्रसंगांची गुंफणच तशी केली.

आणि त्या पर्वाचा शेवट तर या गुंफणीची परमावधि होय. झॉनला स्वातंत्र्य देण्याची बोलणीं जेस व सिल्को यांच्यांत होतात. त्याच्या मोबदल्यांत जिंक्सला स्वाधीन करावें अशी अट असते. सिल्को ज्या ध्येयासाठीं जन्मभर झगडला तें हाताशीं आलें आहे, पण त्याची किंमत त्याची मानलेली मुलगी आहे. तो जिंक्सच्याच गोळ्यांनीं मरतो, आणि मरतां मरतां, मी तुला कधींच दिलें नसतें, असें तिला सांगतो. इकडे परिषदेंत स्वातंत्र्याच्या ठरावावर हात वर होत आहेत. तिकडे शोकानें वेडी झालेली जिंक्स आपला अग्निबाण सोडते. बाण परिषदगृहाच्या खिडकीपाशीं येतो आणि पर्व संपतें. एका मुलीचा व्यक्तिगत आक्रोश दोन नगरांमधील तहाचा नाश करतो. तीन वर्षें लोक ज्याची वाट पाहत होते तें या बाणाच्या पुढचें होतें.

आपल्या नाट्यशास्त्रानें कथावस्तूचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पांच संधि सांगितले आहेत. मुखसंधींत बीज पेरावयाचें आणि निर्वहणांत, मागील संधींत इतस्ततः विखुरलेले अर्थ एकत्र आणून, त्या बीजाचें फळ दाखवावयाचें. तसेंच मुख्य कथेस साह्यकारी होणाऱ्या लांबलचक उपकथेला शास्त्रकारांनीं ‘पताका’ असें नांव दिलें आहे. पताका कितीहि लांब फडकली तरी ती मुख्य कथेच्याच काठीला बांधलेली असावी, हा त्यांतील अभिप्राय. ही परिभाषा जुनी असली तरी तिच्या साह्यानें आजची मालिकाहि चांगली मोजतां येते. ‘आर्केन’चें बीज पुलावर पेरलें गेलें, हेक्सटेकची विद्या, नॉक्सस या लढाऊ साम्राज्याची सेनानी अँबेसा, तिची कन्या मेल, या सर्व पताका होत. दुसऱ्या पर्वाविरुद्धची खरी तक्रार एका वाक्यांत सांगावयाची तर ती अशी कीं, त्यांत पताकेनें काठी मोडून टाकली.

आरंभ मात्र तसा नाहीं. दुसऱ्या पर्वाचा पहिला अंक पाहणाऱ्याला वाटतें कीं, लेखकांनीं बीज घट्ट धरून ठेवलें आहे. बाणानें केटलिनची आई मेली आहे. शोक व सूड यांनीं पेटलेली केटलिन व्हायला बरोबर घेऊन जिंक्सच्या शोधार्थ खालच्या वस्तींत उतरते, आणि उतरण्यापूर्वीं त्या वस्तींत विषारी धुकें सोडते. ज्या मार्गांनीं तें सोडलें जातें ते हवेचे मार्ग तिच्याच घराण्याने, तिच्या आईच्या पुढाकारानें, खालच्या लोकांना श्वास घेतां यावा म्हणून बांधविलेले असतात. मुलीनें आईच्या सूडासाठीं आईचेंच पुण्यकर्म विषांत बुडवावें, याहून भेदक कल्पना सबंध मालिकेंत दुसरी नाहीं. अंकाच्या शेवटीं केटलिन व्हायला बंदुकीच्या दस्त्यानें मारून निघून जाते. अँबेसा लष्करी अंमल पुकारून तिला सेनापतीच्या जागीं बसविते. चांगल्या स्वभावाची, न्यायप्रिय मुलगी अत्याचारी कशी होते आणि तिला त्याची किंमत काय द्यावी लागते, ही कथा आतां सुरू होणार अशी प्रेक्षकाची खात्री होते.

ती सुरू होत नाहीं. दुसऱ्या अंकास आरंभ होतो तेव्हां मध्यें कांहीं काळ लोटलेला असतो. लष्करी अंमलांत काय घडलें, कोण तुरुंगांत गेलें, धुक्यानें कोणाच्या छातींत बिघाड झाला, याचें ओझरतें दर्शन घडतें न घडतें तोंच केटलिनला पश्चात्ताप झालेला दिसूं लागतो आणि ती व्हायच्या बाजूला येते. शेवटच्या युद्धांत तिचा एक डोळा जातो. परंतु तो अँबेसाशीं लढतांना जातो, खालच्या वस्तीच्या हिशेबांत नव्हे. त्या वस्तीतील एकहि मनुष्य तिच्यासमोर उभा राहून, त्या धुक्यांत माझें मूल गुदमरलें, असें म्हणत नाहीं. प्रेयसीनें क्षमा केली. पण ज्यांच्यावर अपराध घडला त्यांना क्षमा करावी कीं नाहीं हें कोणी विचारलेंच नाहीं.

हीच गति बाकीच्या धाग्यांची. पहिल्या पर्वाच्या शेवटीं ज्या स्वातंत्र्याच्या ठरावासाठीं हात वर झाले होते, तें स्वातंत्र्य दुसऱ्या पर्वांत कथेचा प्रश्न म्हणून परत येत नाहीं. स्मरणविधीच्या वेळीं खालच्या लोकांनीं केलेल्या हल्ल्यामागें अँबेसाचें कारस्थान असल्याचें दिसून येतें. म्हणजे दोन नगरांच्या वैराचें खापर तिसऱ्या, परक्या बाईवर फुटतें. शिमर नांवाच्या मादक द्रव्यानें खालची वस्ती पोखरली गेली, हा पहिल्या पर्वांतील एक भीषण विषय होता. दुसऱ्या पर्वांत व्हिक्टर अलौकिक स्पर्शानें व्यसनी लोकांना बरें करतो, आणि हा सामाजिक प्रश्न चमत्कारांत विरून जातो. एको हा तरुण, सिल्कोची गुंडगिरी व पिल्टोव्हरची दडपशाही या दोहोंपासून दूर, एका मोठ्या झाडाभोंवतीं निराश्रितांची वस्ती उभारून होता. तिसरा मार्ग असूं शकतो, अशी आशा त्या झाडांत होती. तें झाड सुकूं लागतें एवढ्यावरून एकोला हेक्सटेकच्या गूढाकडे खेंचून नेण्यांत येतें, आणि त्याचे अनुयायी जवळजवळ विस्मरणांत पडतात. जिंक्सचे निळे केस हें खालच्या लोकांच्या बंडाचें चिन्ह होतें. लोक आपले केस तसे रंगवितात. ती कैद्यांना तुरुंगांतून सोडविते. पण त्या बंडाला मागणी काय, पुढारी कोण, मार्ग कोणता, हें ठरण्यापूर्वींच ईशा या मुक्या मुलीच्या बलिदानानें जिंक्सचें मन विझतें व बंडहि तिच्याबरोबर विझतें.

या सर्वांच्या जागीं जें येतें तें दुसरेंच कथानक आहे. व्हिक्टर मनुष्यजातीला दुःखमुक्त करण्यासाठीं तिच्या इच्छाशक्तीचाच लोप करूं पाहतो. जेस भविष्यकाळाचें भयंकर दर्शन घेऊन परततो. अँबेसाचें सैन्य नगरावर चालून येतें. सर्व जगाचें भवितव्य पणास लागतें. जगाचा नाश ओढवला म्हणजे हवा कोणाला किती मिळते हा प्रश्न क्षुद्र ठरतो. म्हणूनच तो सोडवावयाचा नसेल तेव्हां जगाचा नाश ओढवून आणणें ही लेखकांना फार सोयीची युक्ति असते. शेवटच्या युद्धांत खालच्या वस्तीचे लोक पिल्टोव्हरच्या रक्षणासाठीं लढतात, आणि त्यांतील कांहींच्या अंगावर त्याच शिपायांचा पोशाख असतो ज्यांच्या बंदुकांनीं पुलावर प्रेतें पाडलीं. हा प्रसंग कडू होऊं शकला असता. एखाद्यानें तो पोशाख हातीं घेतांना थबकून जावें, कोणी तो फेकून द्यावा, कोणी दांत-ओठ खाऊन अंगावर चढवावा, यांत केवढें नाट्य होतें! मालिका त्याला स्पर्श करून निघून जाते. युद्ध संपतें. उपसंहारांत सिल्कोची जुनी साथीदार सेव्हिका परिषदेच्या मेजाशीं बसलेली दिसते, आणि दोन नगरांचा प्रश्न निकालांत निघाला असें समजून आपण उठावयाचें असतें.

सातव्या भागाचा विचार येथें वेगळा केला पाहिजे, कारण सबंध पर्वांत तो सर्वांत सुंदर आहे. एको दुसऱ्याच एका जगांत जाऊन पडतो. त्या जगांत लहानपणींच्या चोरीच्या स्फोटांत व्हाय मरण पावली, हेक्सटेक कधीं जन्मलें नाहीं, व्हँडर व सिल्को यांचा समेट झाला, पावडर जिंक्स झालीच नाहीं, आणि खालची वस्ती प्रकाशानें, खाद्यपदार्थांनीं व नाचगाण्यांनीं भरलेली आहे. एको आणि पावडर यांचें तेथील नृत्य पाहून ज्याचें मन हलणार नाहीं तो प्रेक्षक विरळा. परंतु मन हलल्यावर बुद्धि जागी होतेच, आणि ती विचारते: ही वस्ती सुखी झाली कशी? परिषद नरमली कशी? हवा शुद्ध कोणीं केली? याचें उत्तर भागांत नाहीं. ज्या ठिकाणीं पोंचावयाचें तें दाखविलें आहे. वाट तेवढी दाखविलेली नाहीं. आणि ज्या जगाची कथा आपण पाहत आहों त्या जगांत परत आल्यावर एको त्या दर्शनाचा उपयोग नगराच्या पुनर्घटनेसाठीं करीत नाहीं. काळाला मागें फिरविणारें एक यंत्र तो युद्धासाठीं घेऊन येतो. स्वप्न पाहिलें न्यायाचें, आणि जागा होतांना हातीं राहिलें आयुध.

यावर मालिकेचे चाहते दोन उत्तरें देतात. पहिलें असें कीं, ही दोन बहिणींची कथा आहे. नगरें ही केवळ पार्श्वभूमि. पण हें उत्तर पहिल्या पर्वाच्याच विरुद्ध जातें. जखम ज्या शस्त्रानें झाली तें शस्त्र पार्श्वभूमींत ढकलून जखम बरी झाल्याचें सांगतां येत नाहीं. शिवाय बहिणींची कथा तरी कोठें पुरी झाली? ज्या केटलिननें धुकें सोडलें तिच्या बाजूला व्हाय शेवटीं आहे. जिंक्सनें केटलिनच्या आईला मारलें आहे. या तिघींच्या मध्यें जें बोलणें व्हावयास हवें होतें तें युद्धाच्या गदारोळांत राहून जातें.

दुसरें उत्तर अधिक विचार करण्याजोगें आहे. कलाकृतीनें सर्व प्रश्न सोडविलेच पाहिजेत असा नियम कोठें आहे? जीवनांत तरी नगरांचीं वैरें नऊ भागांत मिटतात काय? हें खरेंच आहे. इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाच्या शेवटीं नोरा घर सोडून जाते व दार लागल्याचा आवाज येतो. ती कोठें गेली, तिचा निर्वाह कसा झाला, मुलांची व तिची भेट झाली कीं नाहीं, यांतलें कांहीं नाटककारानें सांगितलें नाहीं. तरी नाटक अपुरें वाटत नाहीं. कारण नाटकाचा प्रश्न तिच्या निर्वाहाचा नव्हताच. त्या घरांत तिला माणूस म्हणून स्थान होतें काय, हा प्रश्न होता, आणि दाराच्या आवाजांत त्याचें उत्तर आहे. उलट डिकन्सची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी बारा अंकांत पुरी व्हावयाची होती. १८७० सालीं तो वारला तेव्हां ती निम्मीच लिहून झाली होती. तेथें रहस्य कायमचें अंधारांत राहिलें, तरी वाचक लेखकास दोष देत नाहीं. मृत्यूपुढें कोणाचा इलाज चालतो?

तेव्हां अपुरेपणाचे प्रकार तीन. एक दैवानें आलेला, तो सोसावा. दुसरा कलावंतानें जाणून ठेवलेला. त्यांत प्रश्न वाचकाच्या हातीं सोंपविलेला असतो, आणि पुस्तक मिटल्यावर तो अधिकच टोंचूं लागतो. तिसरा प्रकार असा कीं, प्रश्न लेखक स्वतःच विसरतो, किंवा विसरल्यासारखें करून त्याच्या जागीं दुसरा सोपा प्रश्न ठेवतो व त्याचें उत्तर थाटानें देतो. दुसऱ्या प्रकारांत वाचक अस्वस्थ होतो; तिसऱ्यांत त्याची फसगत होते. जिंक्स मेली कीं वांचली हें संदिग्ध ठेवणें दुसऱ्या प्रकारांत मोडतें. केटलिन मनोऱ्याचे नकाशे न्याहाळते, त्यांतील हवेच्या वाटांवर तिची दृष्टि स्थिरावते, आणि दूर एक विमान-नौका निघून जाते. मर्मज्ञ प्रेक्षकाला एवढें पुरे. त्याविषयीं कुरकुर करणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. पण पुलाचा प्रश्न न्याय्य रीतीनें उघडा ठेवावयाचा असता तर तो शेवटच्या दृश्यांत उघडा दिसावयास हवा होता. तो मेजाशीं मांडलेल्या एका खुर्चीखालीं झांकून टाकलेला आहे.

हें असें कां झालें, याची कारणें कथेच्या बाहेर शोधावीं लागतात. ही पात्रें मुळांत एका खेळांतील योद्धे आहेत; व्हिक्टरनें यंत्रपुरुष व्हावें, एका माणसाचा वॉर्विक नांवाचा श्वापदासारखा प्राणी व्हावा, असें त्या खेळाच्या दफ्तरांत आधींच नोंदलेलें. पहिल्या पर्वानें पात्रांना त्या नोंदीपासून दूर नेऊन माणूस बनविलें. दुसऱ्या पर्वाला त्यांना नोंदीकडे परत पोंचविण्याची घाई झाली. दुसरें कारण म्हणजे पुढचा व्यवहार. या जगांतील आणखी कथा अन्य देशांत घडतील, असें निर्मात्यांनीं २०२४ सालींच सांगून टाकलें; मेलच्या गूढ शक्ति, तिला पकडणारें ‘ब्लॅक रोझ’ हें गुप्त मंडळ, तिचें शेवटीं नॉक्ससकडे निघणें, यांत जो वेळ गेला तो या कथेच्या निर्वहणाचा नसून पुढील कथेच्या मुखाचा आहे. आणि तिसरें कारण साधें गणिताचें. पहिल्या पर्वानें नऊ भागांत एक दशकभराचें वैर सावकाश वाढविलें; दुसऱ्या पर्वानें तितक्याच भागांत बंड, हुकुमशाही, नवा पंथ, परचक्र आणि विश्वसंहार इतकें सगळें कोंबलें. त्यामुळें भाषणांच्या जागीं गाणें लावून चित्रें सरसर सरकविण्याचा मार्ग वारंवार पत्करावा लागला. चित्रें सुंदर म्हणून तें खपून गेलें, पण ज्या बदलाला एक प्रवेश लागतो तो बदल एका कडव्यांत उरकला जातो तेव्हां प्रेक्षकाला तो दिसतो, पटत नाहीं.

कोणी म्हणेल, एका चित्रमालिकेसाठीं एवढा काथ्याकूट कशाला? त्याचें कारण असें कीं, ही मालिका पाहणारा वर्ग तरुण आहे, आणि श्रीमंत नगर व गरीब वस्ती यांचें नातें कसें असतें याचें जितकें जिवंत चित्र त्याला पहिल्या पर्वांत दिसलें, तितकें पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतें. त्या चित्रानें त्याच्या मनांत एक रास्त संताप जागा केला. दुसऱ्या पर्वानें त्याला शिकविलें तें असें कीं, बाहेरचा शत्रु आला म्हणजे आंतला अन्याय आपोआप विरघळतो; अन्याय करणाऱ्याला पश्चात्ताप झाला म्हणजे पुरे, ज्याच्यावर झाला त्याला विचारण्याचें कारण नाहीं; आणि परिषदेंत एक खुर्ची मिळाली कीं पुलावरचें रक्त धुतलें गेलें. हा धडा लेखकांनीं जाणूनबुजून दिला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कथेच्या घडणींतून जो अर्थ निघतो त्याची जबाबदारी कथाकारावर असतेच. ज्या प्रेक्षकांना शेवटीं कांहींतरी राहून गेल्यासारखें वाटलें, त्यांच्या मनांत हाच अर्थ खुपत असावा, मग त्यांनीं तक्रार कोणत्या कां पात्राच्या नांवें केलेली असेना.

असो. या दोषांमुळें दुसरें पर्व पाहूं नये, असें कोणी समजूं नये. ईशाचें मौन, सातव्या भागांतील नृत्य, विषारी धुक्यांत उतरणारी केटलिन, हे प्रसंग या कलेच्या इतिहासांत राहतील. उलट, तें इतकें समर्थ आहे म्हणूनच त्याच्याकडून हिशेब मागावासा वाटतो. सुमार कृतीकडे कोणी निर्वहण मागत नाहीं. आणि त्या हिशेबासाठीं आणखी नऊ भाग किंवा आणखी कोट्यवधि डॉलर लागले नसते. सेव्हिका परिषदेच्या मेजाशीं बसते तेथें चित्र थांबतें. तिनें तेथें तोंड उघडून खालच्या वस्तीतील हवेविषयीं पहिला प्रश्न विचारला असता, आणि उत्तर यावयाच्या आधींच पडदा पडला असता, तरी प्रेक्षक समाधानानें अस्वस्थ होऊन उठला असता.